मार्जारस्वातंत्र्य : एका नकाराधिकाराचा इतिहास

इतिहासाच्या वर्गांत कायदेमंडळ व कार्यकारी सत्ता यांचे परस्परसंबंध शिकवितांना नकाराधिकार म्हणजे काय, हें समजावून सांगण्याची पाळी दर वर्षीं येते. अशा रूक्ष विषयांत विद्यार्थ्यांचें मन रमावें म्हणून अध्यापकानें एखादें चुरचुरीत उदाहरण पदरीं बाळगावें, असा या धंद्यांतील जुना परिपाठ आहे; आणि प्रस्तुत लेखकानें पदरीं बाळगलेलें उदाहरण मांजरांचें आहे. इ. स. १९४९ च्या एप्रिल महिन्याच्या २३ तारखेस अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानचे गव्हर्नर अ‍ॅडले स्टीव्हन्सन यांनीं आपल्या कायदेमंडळानें मंजूर करून पाठविलेलें एक बिल सही न करतां परत धाडलें. पाळीव मांजरांना मोकळें हिंडूं देऊं नये, हा त्या बिलाचा विषय होता. परत धाडतांना त्यांनीं जें पत्र जोडलें, तें इतकें खुमासदार आहे कीं, राजकारणांतील विनोदाचा विषय निघाला म्हणजे त्याची आठवण हटकून निघते. वीस-बावीस वर्षें मी ती हकीकत वर्गांत सांगत आलों. वर्ग हंसला, आणि तास संपला.

गेल्या वर्षीं मे महिन्यांत मात्र या विनोदाची धार मला स्वतःलाच लागली. आमच्या परसांतील जुन्या भिंतीच्या भोंकांत दयाळ पक्ष्यांच्या एका जोडप्यानें घरटें केलें होतें. पहांटे चहा घेतांना त्या नराची शीळ ऐकणें हा महिनाभर आमचा नित्यक्रम होऊन बसला होता. दयाळाचीं पिल्लें घरट्याबाहेर पडतात त्या दिवशीं त्यांना धड उडतां येत नाहीं. एखादा दिवस तीं जमिनीवर व झुडपांच्या बुडाशीं काढतात. त्याच दिवशीं आमच्या सोनीनें, म्हणजे आमच्या घरच्या मांजरीनें, त्यांतील एक पिल्लूं तोंडांत धरून आणलें आणि देवघराच्या उंबरठ्याशीं ठेवलें. दुसऱ्याची फक्त पिसें सांपडलीं. नर-मादी सबंध दिवस भिंतीवर बसून ओरडत होतीं. मी सोनीवर संतापलों, तेव्हां ऐंशी उलटलेल्या मातोश्री शांतपणें म्हणाल्या, "अरे, मांजर आहे तें. मांजर काय बांधून ठेवायचं असतं?"

मातोश्रींनीं स्टीव्हन्सनचें पत्र वाचलेलें नाहीं. परंतु त्यांतील मुख्य मुद्दा त्यांनीं एका वाक्यांत सांगितला. तेव्हां मीं तें पत्र पुनः काढून वाचलें, आणि या वेळीं हंसण्यासाठीं वाचलें नाहीं. मांजरानें मोकळें हिंडावें हा त्याचा स्वभाव आहे, म्हणून त्याला आडकाठी करूं नये, असें गव्हर्नर म्हणतात, मातोश्रीही म्हणतात. हा स्वभाव खरा आहे, यांत शंका नाहीं. परंतु मांजराला हें मोकळेपण आपण दिलें तें त्याच्या स्वभावाकडे पाहून दिलें, कीं आपल्या सोयीकडे पाहून? हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याचें उत्तर मिळाल्यावांचून पहिल्या प्रश्नाचा निकाल लागत नाहीं, असें मला वाटूं लागलें.

प्रथम मांजराचें आणि माणसाचें नातें जुळलें कसें, तें पाहूं. सायप्रस बेटावर शिलोरोकांबोस या ठिकाणीं सुमारें ९५०० वर्षांपूर्वींच्या एका दफनांत माणसाच्या शेजारीं मांजर पुरलेलें आढळलें. हा शोध २००४ सालीं प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मांजराची जात मूळची नव्हती. तेव्हां माणसानेंच तें नावेंतून तेथें नेलें असलें पाहिजे. शेती सुरू झाली, धान्य सांठूं लागलें, धान्यामागें उंदीर आले, आणि उंदरांमागें पश्चिम आशियांतील रानमांजर आलें, असा हा क्रम आहे. गाय, बैल, घोडा यांना माणसानें धरून आणलें व दावें लावलें. मांजर आपल्या पायांनीं आलें, आणि त्याला कोणीं दावें लावलें नाहीं. याचें कारण मांजराविषयींचा आदर हें नसून त्याच्याकडून करून घ्यावयाचें काम हें होतें. बांधलेला बैल नांगर ओढतो. बांधलेलें मांजर उंदीर धरीत नाहीं. त्याचें काम रात्रीचें, एकट्यानें करावयाचें, आणि शेजाऱ्याच्या कोठारापर्यंत पोंचणारें. म्हणून मोकळीक हीच त्याच्या चाकरीची अट, आणि बऱ्याच अंशीं तोच त्याचा पगार होता.

हा करार कोणीं कागदावर लिहून ठेवला नसेल असें वाटेल; पण तोही लिहिलेला आहे. वेल्समध्यें दहाव्या शतकांत होऊन गेलेला राजा हवेल दा याच्या नांवानें जे कायदे प्रसिद्ध आहेत, आणि ज्यांच्या उपलब्ध पोथ्या तेराव्या शतकापासूनच्या आहेत, त्यांत मांजराची किंमत ठरवून दिलेली आहे. डोळे उघडण्यापूर्वीं पिल्लाची किंमत एक पेनी, डोळे उघडल्यापासून उंदीर मारीपर्यंत दोन पेनी, आणि उंदीर मारूं लागल्यावर चार पेनी. विकणारानें कोणकोणत्या गुणांची हमी द्यावयाची, हेंही तेथें सांगितलें आहे : कान, डोळे, दांत व नखें शाबूत असावीं, उंदीर मारावे, स्वतःचीं पिल्लें खाऊं नयेत, आणि दर नव्या चंद्राला ओरडत भटकूं नये. मांजराच्या भटकण्याविषयींचें इतकें जुनें दुसरें कलम निदान माझ्या वाचनांत नाहीं. आणि तें किती शहाणपणाचें आहे पहा. भटकणें सर्वस्वी मना नाहीं, कारण मग उंदीर कोण धरणार? कामाशिवाय भटकणें तेवढें ऐब समजलें आहे, आणि ऐब निघालें तर विकणारानें किमतीचा कांहीं भाग परत करावयाचा आहे. मांजराचें स्वातंत्र्य चाकरीच्या मापानें मोजलेलें आहे.

आपल्याकडील परंपरा याहून वेगळी नाहीं. मांजराच्या स्वभावाविषयीं आपल्या पूर्वजांना भ्रम मुळींच नव्हता. महाभारताच्या उद्योगपर्वांत गंगातीरीं तपश्चर्येचें सोंग आणून उंदरांना फसविणारा बोका आहे, मामल्लपुरच्या सातव्या शतकांतील प्रचंड शिल्पपटावर तो एका पायावर उभा आहे, आणि मनुस्मृतीनें दांभिक मनुष्याला 'बैडालव्रतिक' हें नांव त्याच्यावरूनच दिलें आहे. तथापि त्याच मनुस्मृतींत मांजर मारणाऱ्याला प्रायश्चित्त सांगितलें आहे, आणि आमच्या लहानपणीं घरांतील वडील माणसें, मांजर मेलें तर काशीस सोन्याचें मांजर करून सोडावें लागतें, असा धाक घालीत असत. ढोंगी म्हणून ज्याला नांवें ठेवावयाचीं, त्यालाच मारावयाचें मात्र नाहीं, आणि बांधावयाचेंही नाहीं. ही विसंगति वाटते खरी. पण ज्या घरांत बळद, कणगी आणि माळा आहे, त्या घराला ती विसंगति परवडत होती; किंबहुना तिच्यावांचून चालत नव्हतें.

मांजराच्या चाकरीची प्रतिष्ठा आपल्या प्रांतांत शिगेला पोंचली ती प्लेगच्या काळांत. १८९६ सालीं मुंबईस मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला व पुढें सर्वत्र पसरला. १८९८ सालीं सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें, हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसांस होतो, असें मत मांडलें. तें पुढें हिंदुस्थानांतील प्लेगसंशोधनमंडळाच्या प्रयोगांनीं कायम झालें. उंदीर हा शत्रु ठरतांच मांजर हा मित्र ठरणें ओघानेंच आलें. वऱ्हाडांत अमरावतीकडे असलेले सरकारी डॉक्टर ब्युकॅनन यांनीं, ज्या खेड्यांत मांजरें पुष्कळ तेथें प्लेगला थारा मिळत नाहीं, असें प्रतिपादन करून १९०८ सालीं इंग्लंडांतील वैद्यकीय नियतकालिकांत 'प्लेगप्रतिबंधक मांजरें' या अर्थाच्या मथळ्याचा लेख प्रसिद्ध केला. आज त्या हकीकतीची दुसरी बाजूही आपणांस ठाऊक आहे. मांजराला स्वतःला प्लेग होतो, आणि तो तें माणसाला देऊं शकतें; अमेरिकेच्या पश्चिम भागांत १९७७ ते १९९८ या काळांत मांजरांपासून २३ माणसांना प्लेग झाल्याची नोंद आहे, व त्यांपैकीं ५ दगावलीं. परंतु १९०८ सालीं मांजराच्या बाजूनें साक्ष देणारा डॉक्टर वऱ्हाडांत उभा राहिला होता, हें खरें.

याच सुमारास अमेरिकेंत मात्र मांजर आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहिलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या देशांत पक्ष्यांचा जो संहार झाला, त्यानें विचारी लोक हादरून गेले होते. एके काळीं ज्यांच्या थव्यांनीं आकाश झांकून जाई, त्या प्रवासी कबुतरांपैकीं शेवटची मादी १९१४ सालीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत मेली. पक्षिरक्षणाच्या संस्था निघाल्या, कायदे झाले, आणि बंदुकवाल्यांनंतर दृष्टि वळली ती मांजरांकडे. मॅसॅच्युसेट्स संस्थानचे सरकारी पक्षिशास्त्रज्ञ एडवर्ड हौ फोर्बुश यांनीं १९१६ सालीं एक पुस्तिका लिहिली. तिच्या नांवांतच मांजराला पक्ष्यांचें मारेकरी, उंदीरमार व वन्य प्राण्यांचें विध्वंसक अशीं तीन विशेषणें लाविलेलीं आहेत. त्यांतील मधलें विशेषण तेवढें स्तुतीचें!

इलिनॉयचें बिल या चळवळीच्या कुळांतलें होतें. तें अनेक अधिवेशनांत पुनःपुनः येऊन अखेर १९४९ सालीं मंजूर झालें. कीटकभक्षक पक्ष्यांचें रक्षण मांजरांना आवर घालून करणारा कायदा, असें त्याचें लांबलचक नांव होतें. आपलें मांजर आपल्या आवाराबाहेर मोकळें सोडणाऱ्या मालकास दंड व्हावा, असें मांजर कोणींही पकडावें, त्यासाठीं सांपळा लावावा किंवा पोलिसांस बोलवावें, अशीं त्यांत कलमें होतीं. या नांवांतील 'कीटकभक्षक' हा शब्द वाचकांनीं सोडून देऊं नये. पक्ष्याला वांचवावयाचें तें तो पक्षी आहे म्हणून नव्हे, तर तो पिकांवरचे किडे खातो म्हणून. मांजर उंदीर मारतें म्हणून राहावें, पक्षी किडे मारतो म्हणून राहावा; दोघेही माणसाचे चाकर, आणि कायदेमंडळापुढें प्रश्न एवढाच कीं, कोणाची चाकरी अधिक मोलाची! स्वतःच्या जिवाच्या हक्कानें तेथें कोणाचीच बाजू मांडली गेली नाहीं.

आतां पत्राकडे वळूं. स्टीव्हन्सन यांची गव्हर्नरीची कारकीर्द त्या जानेवारींतच सुरू झाली होती. पुढें १९५२ व १९५६ अशा दोनही वेळां ते अध्यक्षपदासाठीं उभे राहिले व आयसेनहॉवर यांच्याकडून पराभूत झाले. संयुक्त राष्ट्रसंघांत आपल्या देशाचे प्रतिनिधि असतांना १९६५ सालीं लंडन येथें त्यांचें निधन झालें. सुसंस्कृत, विनोदी आणि अंमळ संशयात्मा अशा या पुरुषाची सारी प्रकृति त्या लहानशा पत्रांत उतरली आहे. मांजरानें कांहीं प्रमाणांत एकट्यानें हिंडावें हा त्याचा स्वभावच आहे. त्याला दोरी बांधून फिरविणें मांजराच्याही प्रकृतीविरुद्ध आणि मालकाच्याही. खेड्यापाड्यांत तें उंदरांचा बंदोबस्त करतें, आणि तें काम त्याला एकट्यानेंच, हद्दी न पाहतां करावें लागतें. असा कायदा केला तर शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणें लागतील. आणि मांजर विरुद्ध पक्षी या सनातन वादांत सरकारनें बाजू घेतली, तर उद्यां कुत्रें विरुद्ध मांजर, पक्षी विरुद्ध पक्षी, फार काय पक्षी विरुद्ध किडा या वादांतही निवाडा करण्याची पाळी सरकारवर येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. शेवटीं शेक्सपिअरच्या ब्रूटसचें प्रसिद्ध वाक्य फिरवून ते सुचवितात कीं, पक्ष्यांवर आपला लोभ कमी किंवा मांजरांवर अधिक म्हणून आपण हें करीत नाहीं.

इंग्रजी वाङ्मय शिकलेल्या माणसाला या शेवटानें भुरळ पडते. मला ती वीस वर्षें पडली होती. परंतु युक्तिवाद नीट उलगडून पाहिला तर त्यांत दोन निरनिराळीं विधानें गुंतलेलीं दिसतात. एक विधान सरकारविषयीं आहे : प्रत्येक घरच्या मांजरामागें पोलिस लावणें हें सरकारचें काम नव्हे, आणि शेजाऱ्याच्या हातीं सांपळा देणें तर मुळींच नव्हे. हें विधान १९४९ सालीं खरें होतें. आजही पुष्कळ अंशीं खरें आहे. दुसरें विधान निसर्गाविषयीं आहे : मांजर व पक्षी यांचा वाद अनादि आहे, तो त्यांचा त्यांनीं मिटवावा. येथें मात्र गव्हर्नरसाहेबांची बाजू लंगडी पडते. आणि तिचें लंगडेपण त्या दिवशीं पन्नास वर्षांहून अधिक काळ जगाला माहीत होतें.

न्यूझीलंडच्या दोन मुख्य बेटांमध्यें कुकची सामुद्रधुनी आहे. तिच्यांत स्टीफन्स नांवाचें लहानसें बेट आहे. तेथें दीपगृह बांधण्यांत येऊन १८९४ सालीं दिवा लागला. दीपगृहाबरोबर माणसें आलीं व माणसांबरोबर मांजरें आलीं. एक मांजर एका लहानशा तपकिरी पक्ष्यांचीं प्रेतें आणून टाकूं लागलें. हा पक्षी जवळजवळ उडत नसे. दगडांमधून उंदरासारखा पळे. दीपगृहावरील कामगार लायल याच्या लक्षांत आलें कीं, असा पक्षी आपण कोठें पाहिलेला नाहीं. नमुने विलायतेस गेले, रॉथ्सचाइल्ड यांनीं त्या जातीचें वर्णन करून तिला लायलचें नांव दिलें. आणि १८९५ साल संपण्यापूर्वींच ती जात संपली. एकाच मांजरानें सबंध जात शोधून काढली व खाऊन टाकली, अशी आख्यायिका झाली. पुढील संशोधनावरून दिसतें कीं, तें काम एका मांजराचें नसून बेटावर माजलेल्या अनेक रानटी मांजरांचें होतें. १९२५ च्या सुमारास त्या बेटावरील मांजरें समूळ नाहींशीं करण्यांत आलीं. पण पक्षी परत येणार कोठून?

स्टीफन्स बेटावरील वाद अनादि नव्हता. तो एका दिव्याइतकाच जुना होता. आणि खोल पाहिलें तर इलिनॉयमधला वादही अनादि नव्हता. रानांतल्या मांजराची संख्या त्याच्या शिकारीवर अवलंबून असते. शिकार घटली कीं मांजरें घटतात, आणि पक्ष्यांना पुनः डोकें वर काढतां येतें. घरच्या मांजराची संख्या आपल्या दुधाच्या वाटीवर अवलंबून असते. शिकार संपली तरी वाटी संपत नाहीं; आणि पोट भरलें म्हणून पंजा थांबत नाहीं. सोनीनें तें पिल्लूं खाल्लें नव्हतें, हें मीं वर सांगितलेंच आहे. म्हणजे या द्वंद्वांत एका पक्षाला आपण रसद पुरवितों, आणि वर म्हणतों कीं, हें निसर्गाचें युद्ध आहे, आम्ही तटस्थ आहों.

येथें इतिहासाची आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. स्टीव्हन्सन यांनीं पत्र लिहिलें त्याच्या दोनच वर्षें आधीं, १९४७ सालीं, शेजारच्या मिशिगन संस्थानांत कॅसोपोलिस नांवाच्या लहान गांवीं एडवर्ड लो नांवाच्या एका तरुणानें शेजारणीला तिच्या मांजरासाठीं वाळूऐवजीं तेलकट घाण शोषून घेणारी एक प्रकारची माती दिली. ती इतकी सोयीची ठरली कीं, पांच पौंडांच्या पिशव्या भरून ६५ सेंटांस एक याप्रमाणें त्यानें ती विकावयास काढली. हल्लीं शहरांतील दुकानांत मिळणाऱ्या मांजराच्या वाळूचा हा उगम. घरांत राख किंवा वाळू ठेवण्याची चाल पूर्वीं नव्हती असें नाहीं. परंतु मांजर जन्मभर चार भिंतींत ठेवणें बहुतेक घरांना शक्य झालें तें या मातीमुळें, डब्यांतल्या अन्नामुळें आणि नसबंदीच्या शस्त्रक्रियेमुळें. त्याच सुमारास धान्याचें कोठार घरांतून गेलें, शीतपेटी आली, आणि मांजराची चाकरीही गेली. गव्हर्नर मांजराच्या चाकरीचा दाखला देत होते, तेव्हां शहरांतील मांजर पेन्शनीवर निघालें होतें. पेन्शनरानें कचेरींत जाण्याचा हक्क मात्र सोडला नव्हता!

त्यानंतरचा हिशेब आंकड्यांत मांडला गेला आहे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोकळीं हिंडणारीं मांजरें दर वर्षीं १३० ते ४०० कोटि पक्षी व ६३० ते २,२३० कोटि लहान सस्तन प्राणी मारतात. अंदाजाचा पल्ला मोठा आहे. आणि त्यांतील बहुतेक वांटा बिनमालकी मांजरांचा आहे, हेंही त्याच अभ्यासांत सांगितलें आहे. उलट ब्रिटनमध्यें, जेथें मांजर बाहेर सोडणें हीच रीत आहे, तेथील पक्षिरक्षणाची सर्वांत मोठी संस्था म्हणते कीं, मांजरांमुळें देशभर पक्ष्यांची संख्या घटत असल्याचा स्पष्ट पुरावा नाहीं. दोन शहाणे देश, दोन रीती. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीच्या प्रदेशांत १ जुलै २०२२ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेलें मांजर आवारांतच ठेवलें पाहिजे, असा नियम आहे. आणि जर्मनींतील वाल्डॉर्फ गांवीं त्याच वर्षीं मे महिन्यांत, चंडोलाच्या जातीच्या एका दुर्मिळ तुरेवाल्या पक्ष्याचीं पिल्लें वांचावीं म्हणून गांवाच्या एका भागांतील मांजरें ऑगस्टअखेर घरांत कोंडण्याचा हुकूम निघाला. यावरून एक धडा निघतो : प्रश्न 'मांजर मोकळें असावें कीं नाहीं' असा सरसकट विचारण्यांत अर्थ नाहीं, कोठें, कोणत्या ऋतूंत, आणि कोणाच्या घरट्याशेजारीं, असा विचारला पाहिजे. जेथें जातच नष्ट होण्याची भीति आहे तेथें सरकारनें पडावें. इतरत्र हा भार मालकाचा आहे.

मालकाचा म्हणजे कोणाचा, हें ठरविण्यास मला अखेर आपल्याच एका जुन्या कथेचा आधार सांपडला. हितोपदेशांत जरद्गव नांवाचा एक आंधळा गिधाड आहे. झाडावरील पक्षी त्याला आपल्यांतले चार घांस देतात, व त्या मोबदल्यांत तो त्यांच्या पिल्लांची राखण करतो. दीर्घकर्ण नांवाचा बोका गोड बोलून त्याच्या ढोलींत आसरा मिळवितो, रोज पिल्लें खातो, आणि हाडें तेथेंच टाकून एके दिवशीं पसार होतो. पक्ष्यांना हाडें सांपडतात, आणि ते जरद्गवाला ठार मारतात. लहानपणीं ही गोष्ट ऐकतांना मला त्या बिचाऱ्याची कींव येई. पिल्लें त्यानें खाल्लीं नव्हतीं. आज मला वाटतें, पक्ष्यांचा निवाडा कठोर असेल, पण सर्वस्वी चुकीचा नव्हता. कथाकारानेंही बोक्याला दोष देत बसण्याऐवजीं, आसरा देतांना विचार न करणाऱ्याकडेच बोट दाखविलें आहे. बोका बोक्यासारखा वागला. ढोली जरद्गवाची होती.

मातोश्रींचें म्हणणें मात्र मी सर्वस्वी टाकून देऊं शकत नाहीं. ज्या वाड्यांत त्यांचा जन्म गेला, तेथें मांजर बांधणें हा खरोखरच वेडेपणा होता. शिवाय ज्या जनावरानें नऊ हजार वर्षें आपलीं कोठारें राखलीं, त्याची नोकरी संपतांच त्याला जन्मठेप द्यावी, यांत कृतघ्नतेचा वास येतो, हें त्यांच्या बोलण्यांतील मर्म मला मान्य आहे. कोंडलेलें मांजर स्थूल होतें, कंटाळतें, हेंही खरें. तेव्हां मधला मार्ग शोधणें प्राप्त झालें. इंग्लंडांतील एक्सेटर विद्यापीठानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, मांजराला मांसयुक्त अन्न दिल्यानें त्यानें घरीं आणलेली शिकार ३६ टक्क्यांनीं घटली, व रोज पांच-दहा मिनिटें त्याच्याशीं खेळल्यानें २५ टक्क्यांनीं घटली. म्हणजे जें काम कायद्याला जमलें नाहीं, त्यांतील बरेंचसें एक दोरी आणि दहा मिनिटें करूं शकतात.

आमच्या घरीं आतां सोनीची शस्त्रक्रिया झालेली आहे. ती बिनमालकी पिल्लांची भर घालणार नाहीं. मार्चपासून पाऊस स्थिरावेपर्यंत, म्हणजे पक्ष्यांच्या विणीच्या हंगामांत, ती घरांतच असते; एरवीं दुपारीं तिला परसांत सोडतों, पहांटे व संध्याकाळीं नाहीं. पहिले आठ दिवस ती दाराशीं बसून ओरडली, आणि मातोश्री माझ्याशीं नीट बोलल्या नाहींत. संध्याकाळीं मी काठीला चिंधी बांधून तिच्यापुढें नाचवितों. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाला तें शोभतें कीं नाहीं, हा प्रश्न शेजाऱ्यांनीं आपसांत चर्चिला असल्याचें कानावर आहे. या मेमध्यें दयाळांनीं पुनः त्याच भिंतींत घरटें केलें. किती पिल्लें निघालीं तें मीं मोजलें नाहीं. पण एका सकाळीं चार-पांच आखूड शेपट्या तगरीच्या झुडपांत हलतांना मातोश्रींनींच मला बोलावून दाखविल्या. खिडकीच्या जाळीआड बसून सोनीही तें पहात होती.

जूनमध्यें कॉलेज उघडलें आणि नकाराधिकाराचा तास आला. मीं तें पत्र नेहमींप्रमाणें सांगितलें, आणि वर्ग नेहमींप्रमाणें हंसला. मग मीं घड्याळ पाहिलें. वीस मिनिटें उरलीं होतीं. तेव्हां स्टीफन्स बेटावरील दिव्याची हकीकत सांगावयास सुरुवात केली.